महाराष्ट्रात बनणाऱ्या मोठ्या कौटुंबिक गाड्यांचे पुढे काय?

निफाडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचे कुटुंब निफाड तालुक्यातले आणि एकत्र आहे. आई-वडील, आम्ही दोघे भाऊ, आमच्या पत्नी आणि दोन मुले असे आठ जण आम्ही लग्नाला, वणीला किंवा पंढरपूरला एकाच गाडीतून जातो. आजवर हे काम जुन्या टाटा सुमोने निभावले. गाडी अजूनही चांगली चालते, परंतु तिचे वय झाले आहे आणि नव्या गाडीचा शोध घेताना जे चित्र दिसले त्याने मी अस्वस्थ झालो आहे.

१९९४ मध्ये बाजारात आलेली सुमो पुण्यात बनत असे. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्याच वर्षी नाशिकमध्ये बनणारी झायलो बंद झाली आणि त्यानंतर पुण्याची हेक्साही गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये महिंद्राने नाशिकच्याच कारखान्यात मराझोचे अनावरण केले, तेव्हा आठ जणांना खऱ्या अर्थाने सामावून घेणारी गाडी आता आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर बनणार, याचा मला मनापासून आनंद झाला होता. आज तीही यादीत नाही. आता मोठ्या कुटुंबाची गाडी म्हटले की लोक बिडदीची इनोव्हा, हरियाणाची अर्टिगा किंवा अनंतपूरची कॅरेन्स सुचवतात.

आपल्याकडे बनणाऱ्या ज्या गाड्यांना तीन रांगा आहेत, त्यांपैकी एका गाडीच्या शेवटच्या रांगेत माझे सत्तरी ओलांडलेले वडील शोरूममध्ये बसून पाहत होते. गुडघे छातीशी आले, डोके छताला लागले आणि पुढची बैठक दुमडल्याशिवाय त्यांना बाहेर येता येईना. विक्रेता वैशिष्ट्ये सांगत होता. वडील एवढेच म्हणाले, "ते राहू द्या, आधी उतरायचं कसं ते सांगा."

माझे प्रश्न दोन आहेत. महाराष्ट्रात बनणारी, प्रौढ माणसांना तिन्ही रांगांत बसता येईल अशी आणि मध्यमवर्गाला परवडणारी गाडी आता संपलीच आहे का, आणि असल्यास ती कशामुळे संपली? दुसरे म्हणजे, वापरलेली मराझो आज घेतली तर पुढची आठ-दहा वर्षे ती सांभाळता येईल का?

घाटवाट, कोल्हापूर

निफाडकर साहेब, आमचा पर्यटक वाहनांचा व्यवसाय आहे, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू आम्हाला रोज दिसते. मोठी कौटुंबिक गाडी बंद पडली याचा अर्थ मोठ्या कुटुंबाचा प्रवास थांबला असा नाही. आमच्या भागात ज्या घरांत पूर्वी सुमो किंवा तवेरा असे, त्या घरांत आज पाच जणांची छोटी गाडी असते आणि जोतिबाला, पंढरपूरला किंवा लग्नाला जायचे झाले की आमच्याकडून चालकासह मोठी गाडी भाड्याने घेतली जाते. वर्षभर मोठ्या गाडीचा हप्ता, विमा आणि डिझेल सोसण्यापेक्षा हे स्वस्त पडते, हा हिशेब लोकांनी केव्हाच केला आहे.

त्यामुळे मोठी गाडी कोणती टिकणार हे ठरवण्यात आमच्यासारख्या व्यावसायिकांचा वाटा फार मोठा झाला. आम्ही गाडी घेताना रंगरूप पाहत नाही. इंजिन किती लाख किलोमीटर तग धरते, रस्त्यात बंद पडली तर तालुक्याच्या गावी तिचा मिस्त्री मिळतो का, आणि पाच वर्षांनी विकताना काय भाव येतो, एवढेच पाहतो. या तिन्ही कसोट्यांवर इनोव्हाने २००५ पासून इतका विश्वास कमावला आहे की नवी गाडी कितीही चांगली असली तरी पहिला धोका पत्करायला कोणी तयार होत नाही. मराझोच्या छतातून मधल्या आणि मागच्या रांगेला मिळणारी थंड हवा प्रवाशांना आवडत असे, हे मी स्वतः ऐकले आहे. तरीही जुन्या बाजारात तिला भाव किती येईल याची खात्री नसल्याने आमच्यापैकी बहुतेकांनी हात आखडता घेतला.

आणखी एक गोष्ट थोडी बोचणारी आहे, पण सांगणे आवश्यक आहे. जी गाडी पिवळ्या पाटीवर जास्त धावते, ती अनेक घरांना दारात नकोशी वाटते. "ही तर टुरिस्टची गाडी" असे पाहुण्यांनी म्हणू नये म्हणून माणसे कमी जागेची, पण उंच आणि रुबाबदार दिसणारी एसयूव्ही घेतात आणि आजी-आजोबांना मागे बसवतात. सुमोच्या उत्तरार्धातही हेच झाले. म्हणजे व्यावसायिकाने स्वीकारली नाही तर खप होत नाही आणि त्याने स्वीकारली तर घरगुती ग्राहक दूर जातो. या कोंडीतून सुटलेली गाडी इनोव्हाच, पण तिची किंमतही आता अठरा-वीस लाखांच्या घरात गेली आहे.

चिंचवडचा निवृत्त अभियंता

घाटवाट यांनी ग्राहकाची बाजू चांगली मांडली आहे. माझे आयुष्य वाहन उद्योगात गेले, म्हणून कारखान्याच्या आणि कराच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयात ग्राहकाच्या आवडीनिवडीला जेवढे श्रेय किंवा दोष दिला जातो, त्यापेक्षा अधिक वाटा करआकारणीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचे उत्पादनशुल्क कमी करताना चार मीटर लांबीची मर्यादा आखली गेली आणि तेव्हापासून भारतातील गाड्यांचे आरेखन या एका रेषेभोवती फिरत राहिले. चार मीटरमध्ये पुढे इंजिन, त्याच्या पुढे धडकेत चुरगळण्यासाठी सोडलेली जागा आणि मग दोन रांगा बसवल्यावर तिसऱ्या रांगेला जे उरते, ते उरलेसुरलेच असते. तेथे बसणाऱ्याचे डोके आणि मागची काच यांत किती अंतर राहते हे शोरूममध्ये एकदा हात लावून पाहावे. निफाडकरांच्या वडिलांची जी अडचण झाली, तिचे मूळ अशा गाड्यांच्या बाबतीत करनियमात आहे.

वस्तू आणि सेवा कर आल्यावर ही रेषा अधिक ठळक झाली. अगदी अलीकडेपर्यंत छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के, छोट्या डिझेल गाडीवर ३१ टक्के, दीड लिटरपर्यंतचे इंजिन असलेल्या पण चार मीटरहून लांब गाडीवर ४५ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के असा भार होता. जुलै २०२३ मध्ये तर एमयूव्ही (अनेक माणसे नेणाऱ्या बहुउपयोगी गाड्या) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्याही, लांबी, इंजिन आणि जमिनीपासूनची उंची या निकषांत बसल्यास, त्याच सर्वोच्च उपकराखाली येतील असे स्पष्ट करण्यात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला, छोट्या गाड्यांवर १८ आणि मोठ्यांवर ४० टक्के असे दोनच दर राहिले आणि सर्वांच्या किमती उतरल्या. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मराझोसारख्या, म्हणजे साडेचार मीटरच्या पुढे लांबी आणि दीड लिटरचे डिझेल इंजिन असलेल्या गाडीचा विचार करा. तिच्यात आणि छोट्या डिझेल गाडीत पूर्वी करामध्ये १४ टक्क्यांचे अंतर होते, ते आता २२ टक्क्यांचे झाले आहे. आठ माणसे एका गाडीतून गेली तर रस्त्यावरची एक गाडी कमी होते आणि इंधनही वाचते. तरीही आपली करव्यवस्था या गाडीला चैनीची वस्तू मानते, हे मला मनापासून अन्यायकारक वाटते.

आता मराझोविषयी. ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली गाडी होती. शिडीसारखी मजबूत चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी पाया, आपल्याकडच्या बोलेरो-स्कॉर्पिओमध्ये असतेच, पण त्या गाड्यांत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे आणि ताकद मागच्या चाकांना दिलेली असते. मराझोत शिडीची चॅसिस ठेवून इंजिन आडवे बसवले आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट आणि ती दोन्ही चाकांत वाटणारा मागचा डिफरन्शियल दोन्ही वाचले, तळ खाली आणता आला आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पाय खाली सोडून बसता आले. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१८ च्या चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. चेन्नईतील संशोधन केंद्र, महिंद्राचे डेट्रॉइटमधील केंद्र आणि पिनिनफरिना ही इटलीची आरेखन कंपनी यांनी मिळून हे काम केले.

मग ती का टिकली नाही? माझ्या मते मुख्य कारण असे की ही चॅसिस आणि हा सांगाडा दुसऱ्या कोणत्याही गाडीला उपयोगी पडला नाही. सफारी ज्या पायावर उभी आहे, त्याच पायावर हॅरिअरही बनते आणि डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), जिग (जोडणी करताना भाग जागेवर धरणारे साचे) व चाचण्यांचा खर्च दोन गाड्यांत विभागला जातो. मराझोला हा आधार नव्हता. त्यात एप्रिल २०२० ला धुरातील प्रदूषणावर मर्यादा घालणारे बीएस-सहा मानक आणि एप्रिल २०२३ ला त्याचा दुसरा टप्पा आला. प्रत्येक वेळी इंजिनावर नव्याने खर्च करावा लागला आणि सुरुवातीला ९ लाख ९९ हजारांत मिळणारी गाडी शेवटी साडेचौदा लाखांच्या पुढे गेली. महिन्याला हजारोंनी विकल्या जाणाऱ्या गाडीला हा खर्च पेलतो. खप थोडा असेल तर व्यवस्थापनाने कितीही प्रेम केले तरी ती गाडी वाचत नाही.

पुढच्या काळाविषयी बोलायचे तर इंधनक्षमतेचे सरासरी मानक, ज्याला या क्षेत्रातले लोक 'कॅफे' म्हणतात, ते निर्णायक ठरेल. हे मानक एका गाडीला लागू होत नाही, तर कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांच्या सरासरीला लागू होते. २०२२-२३ पासून ही सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड अशी आहे आणि तिसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०२७ पासून येऊ घातला आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की जी कंपनी विजेवरच्या गाड्या पुरेशा विकते, तिला मोठी डिझेल गाडी विकायला मोकळीक राहते. टाटा आणि महिंद्रा दोघांकडे ती मोकळीक आहे, म्हणून पुण्याची सफारी आणि चाकणची मोठी महिंद्रा एवढ्यात कोठे जात नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महिंद्राने तीन रांगांची विजेवरची एक्सईव्ही ९एस आणली, तीही चाकणचीच आहे. विजेवरच्या गाडीला इंजिनाची जागा लागत नाही आणि तळ सपाट मिळतो, त्यामुळे तिसऱ्या रांगेचा प्रश्न ती मुळापासून सोडवू शकते. करही ५ टक्केच आहे. मोठ्या कौटुंबिक गाडीचे भवितव्य मला त्या बाजूला दिसते.

निफाडकर

अभियंता साहेब, इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. १४ वरून २२ टक्क्यांचा हिशेब माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. परंतु विजेवरची ती गाडी वीस लाखांच्या आसपास सुरू होते आणि आमचे उत्पन्न द्राक्ष-कांद्यावर आहे, जे एका वर्षी हाती येते आणि दुसऱ्या वर्षी येत नाही. समृद्धी महामार्गावर विजेच्या गाडीला टोलमाफी आहे हे खरे, पण आमचा प्रवास बहुतेक तालुक्यांच्या रस्त्यांवर होतो. शिवाय घाटवाट म्हणतात त्याप्रमाणे गाडी भाड्याने घेणे स्वस्त असेलही, पण रात्री दोन वाजता आईला नाशिकच्या रुग्णालयात न्यायचे झाले आणि बरोबर चार माणसे लागली, तर गाडी दारातच असावी लागते. दहा ते चौदा लाखांच्या मधली जी जागा मराझोने सोडली, ती आपल्याकडचे कोणी भरून काढील अशी काही चिन्हे आहेत का?

यारा नदीकाठचा मराठी, मेलबर्न

मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो आणि येथे असाच एक उद्योग संपताना जवळून पाहिला, म्हणून लिहावेसे वाटले.

ऑस्ट्रेलियात मोठी कौटुंबिक गाडी म्हणजे फोर्डची फाल्कन किंवा होल्डनची कमोडोर. फाल्कन येथे १९६० पासून बनत होती. लांब अंतरे, सपाट रस्ते, मागे तीन मुले आणि प्रचंड डिकी अशी ती रचना याच देशासाठी झालेली होती. मे २०१३ मध्ये फोर्डने, डिसेंबरमध्ये होल्डनने आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डचा ब्रॉडमेडोजचा आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये टोयोटाचा अल्टोनाचा व होल्डनचा एलिझाबेथचा कारखाना थांबला. त्यानंतर या देशात एकही प्रवासी मोटारगाडी मोठ्या प्रमाणावर बनलेली नाही.

कारणे अनेक होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आयात गाड्यांवर ५७.५ टक्के शुल्क होते, ते उतरत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आले. खनिजांच्या तेजीमुळे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्याही वर गेला आणि येथे बनवणे महाग झाले. पण घाटवाट यांचे लिखाण वाचताना मला वेगळीच गोष्ट आठवली. फाल्कनला शेवटच्या काळात आधार होता तो टॅक्सीचालकांचा, पोलिसांचा आणि सरकारी व कंपन्यांच्या ताफ्यांचा. घरगुती ग्राहक आधीच छोट्या आयात गाड्यांकडे आणि एसयूव्हींकडे वळला होता. टॅक्सीवाले टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांकडे गेले, तेव्हा उरलेला पायाही सरकला. फोर्डने २००४ मध्ये फाल्कनच्याच पायावर टेरिटरी नावाची उत्तम एसयूव्ही येथे केली होती. लोकांनी ती आवडीने घेतली, पण डिझेल इंजिन तिला २०११ मध्ये मिळाले, म्हणजे फार उशिरा.

तरीही महाराष्ट्राची परिस्थिती इतकी हताश करणारी नाही असे मला वाटते. ऑस्ट्रेलियात सगळा देश मिळून वर्षाला सुमारे १२ लाख नव्या गाड्या घेतो आणि त्या पन्नासाहून अधिक ब्रँडमध्ये विभागल्या जातात. भारतात २०२४-२५ मध्ये ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यांतील सुमारे ६५ टक्के युटिलिटी प्रकारातली, म्हणजे एसयूव्ही-एमयूव्ही, होती. एवढ्या बाजारात कारखाने ओस पडत नाहीत, त्यांचे मालक बदलतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेथील कामगारांचे हाल झाले, चिनी कंपनीबरोबरचा व्यवहार फिसकटला आणि अखेर ह्युंदाईने तो घेऊन पुन्हा सुरू केला. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने छत्रपती संभाजीनगरसाठी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. म्हणून गाड्या महाराष्ट्रात बनत राहतील, याविषयी मला शंका नाही. निफाडकरांना हवी तशी गाडी कोणाला बनवावीशी वाटेल का, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर चिंचवडच्या साहेबांनी सांगितलेल्या ४० टक्क्यांपाशी जाऊन थांबते. ऑस्ट्रेलियात सरकारने उद्योगाला अनुदाने दिली, पण लोकांना हवी ती गाडी येथे बनवणे परवडेल अशी स्थिती राहू दिली नाही. आपल्याकडे अनुदानाची गरजच नाही. आसनसंख्या आणि प्रत्यक्ष जागा पाहून कर ठरवला, तरी पुरेसे होईल.

अंबड एमआयडीसी

निफाडकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, ते मी देतो. आमचा पत्र्याचे सुटे भाग दाबण्याचा छोटा कारखाना आहे आणि मॉडेल बंद झाल्यावर काय होते हे आम्ही रोजच्या कामात पाहतो.

गाडी बंद झाली तरी तिचे डाय लगेच भंगारात जात नाहीत. त्यांना ग्रीस लावून, वर क्रमांक रंगवून ते रॅकवर किंवा शेडच्या कडेला ठेवले जातात आणि सुट्या भागांची मागणी साठली की दोन-अडीच टनांचा डाय क्रेनने उचलून प्रेसवर चढवला जातो. तो बसवण्यात अर्धी पाळी जाते आणि भाग निघतात दोन-तीनशे. त्यामुळे कोणीही पुरवठादार दहा-वीस नगांसाठी हे करत नाही, मागणी साठेपर्यंत थांबतो. बंद मॉडेलचा दरवाजा किंवा फेंडर मिळायला महिने का लागतात, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते आणि हे कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.

म्हणून वापरलेली मराझो पाहताना भागांचे दोन गट करा. तिचे दीड लिटरचे डिझेल इंजिन महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० मध्येही वापरले गेले आणि ३एक्सओमध्येही त्याच घराण्यातले इंजिन आहे. त्यामुळे फिल्टर, इंजेक्टर, पट्टे आणि दुरुस्तीचे ज्ञान यांची चिंता नको. जे भाग फक्त मराझोचेच आहेत, म्हणजे समोरची काच, मागचे दिवे, दरवाजे, बंपर आणि छतातील वातानुकूलनाचे नळ व त्यांचा पंखा, ते एकेक करून तपासा. अपघात झालेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण पत्र्याचे काम पुढे अडेल. समोरच्या काचेला तडा असेल तर सौदा होण्यापूर्वी विकणाऱ्याकडूनच ती बदलून घ्या. आणि वडिलांना मागच्या रांगेत बसवून एकदा त्र्यंबकपर्यंत नेऊन आणा, म्हणजे बाकीचे ते स्वतःच सांगतील.